आईच्या ॲनिमियाच्या टेस्ट अर्धवट केल्या आणि ट्यूब हरवली, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

मी देवगड तालुक्यातून लिहितेय. १४ एप्रिलला तुमच्या इथल्या कलेक्शन सेंटरचा मुलगा घरी येऊन आईचं रक्त घेऊन गेला, ॲनिमियाच्या पूर्ण पॅकेजचे पैसे आधीच भरलेत, पावती जोडलीय.

ऐन आंब्याच्या हंगामात आई पेटी भरता भरता खाली बसायची, धाप लागायची. दोन महिने लोहाच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन ६.४, बायकांचं १२ तरी असावं लागतं, आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, ६६, म्हणजे पेशी लहान. आमचे डॉक्टर म्हणाले आता नुसत्या गोळ्या देत बसण्यात अर्थ नाही, कारण शोधूया. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट, कमी आलं तर शरीरातलं लोह संपलंय, मग रक्त जातंय कुठून ते बघायचं, मूळव्याध की पोटात काही. आणि मावशीच्या नातवाला थॅलेसेमिया मेजर आहे, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, म्हणून एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार तपासायची टेस्ट, पण करायचीच, आईला मायनर, म्हणजे त्याचाच सौम्य प्रकार, असेल तर त्यात कळतं. आणि हे सगळं रक्त चढवायच्या आधी, हे त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं होतं, मी ती चिठ्ठी तुमच्या मुलाला स्वतः दाखवली.

त्याने दोन ट्यूब घेतल्या, जांभळ्या टोपीची आणि पिवळ्या टोपीची, आणि भर दुपारी गाडीच्या डिकीत टाकल्या. बर्फाचा डबा नाही काही नाही. मी विचारलं तर म्हणाला काही होत नाही ताई.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. आयर्न, फेरिटिनसमोर ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, आकडा नाहीच. एचपीएलसी पेंडिंग. रोज फोन केला, रोज उद्या सांगितलं, आणि सातव्या दिवशी म्हणे एचपीएलसीची जांभळी ट्यूब लॅबला पोचलीच नाही. अहो मग पहिल्याच दिवशी एक फोन केला असता तर मी आईला रिक्षात घालून परत आणलं असतं, तेवढं तरी करायचं होतं.

त्याच रात्री आईला उठून बसवेना. कणकवलीला नेलं, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, थांबण्यासारखं नव्हतंच. आता दुसऱ्याचं रक्त मिसळल्यामुळे एचपीएलसीवर भरवसा ठेवता येत नाही, डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा. आईचं हिमोग्लोबिन कशाने उतरतंय हे आजही आम्हाला माहीत नाही, आणि ते कळावं म्हणूनच तर तुम्हाला पैसे दिले होते. नुसतं हिमोग्लोबिन गावातल्या लॅबमध्ये पण कळत होतं.

मला पूर्ण पैसे परत हवेत. ट्यूब कुठे गेली ते लेखी हवं. जुलैअखेर एचपीएलसी आणि आयर्नच्या सगळ्या टेस्ट तुमच्या खर्चाने करून द्या, आणि तेव्हा रक्त घ्यायला शिकलेला माणूस बर्फाचा डबा घेऊन पाठवा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगात जाणार आहे, कागद सगळे तयार आहेत.