एकच औषध, दोन नावे: औषधांचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

माझे बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे राबून ते ऐरोलीत निवृत्तीचे दिवस काढत होते. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की खुर्चीतून उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागे, आणि चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. रुग्णालयात सीपीके ही स्नायूंची तपासणी केली, तेव्हा एरवी दोनशेच्या आत-बाहेर असणारा आकडा अठरा हजारांवर गेला होता. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांवर आले होते आणि बाबांना तीन वेळा डायलिसिसवर ठेवावे लागले.

वाशीतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे, स्टॅटिन गटातले औषध 20 मिलिग्रॅम दिले होते. पुढे ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी वाढली, म्हणून ठाण्यातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहून दिली. तिच्यात रोसुव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम आणि फेनोफायब्रेट हे ती चरबी कमी करणारे, फायब्रेट गटातले औषध 160 मिलिग्रॅम होते. ब्रँडची नावे निराळी, रंग निराळे, त्यामुळे दोन्ही गोळ्यांत एकच औषध आहे हे आम्हाला कळलेच नाही. रोज रात्री जेवणानंतर त्या दोन्ही गोळ्या मीच बाबांच्या हातावर ठेवत होते. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

औषधाच्या डब्यात मला नंतर कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा तुकडा सापडला. त्यावर 'टॅटिन' एवढीच अक्षरे उरली होती. बाकीचे नाव दुकानदाराकडच्या उरलेल्या पट्टीवर राहिले. मूळ औषधाचे नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे असा नियम केंद्राने 2018 मध्ये केला, पण पट्टी नावावरूनच कापली जात असेल तर तो नियम आमच्या घरापर्यंत पोहोचतो कसा?

स्टॅटिनचा डोस वाढला किंवा सोबत फायब्रेट दिले, तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. हा धोका कालपरवा उघडकीस आलेला नाही. ऑगस्ट 2001 मध्ये सेरिव्हास्टॅटिन हे दुसरे एक स्टॅटिन बाजारातून मागे घेतले गेले, तेव्हा जगभरातून 52 मृत्यूंची नोंद झाली होती आणि त्यांतल्या अनेक रुग्णांना सोबत जेमफायब्रोझिल हे फायब्रेट दिलेले होते. फेनोफायब्रेट त्या मानाने सुरक्षित आहे आणि काही रुग्णांना दोन्ही औषधे विचारपूर्वक दिली जातात, हे मी मान्य करते. स्टॅटिनने लाखो हृदये वाचली आहेत, म्हणून हे पत्र वाचून कोणीही आपली गोळी मनानेच बंद करू नये. पण मूत्रपिंडे आधीच थकलेल्या, मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला स्टॅटिन दुहेरी आणि वर फायब्रेट, हे कोणीतरी अडवायला हवे होते. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनचे प्रमाण जास्त चढते, म्हणून अमेरिकेत अशा रुग्णांना 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची सूचना आहे. इथे मात्र दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिले नाहीत आणि दुकानदाराने दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत घालून दिल्या.

औषधांच्या परस्परक्रियांबद्दल रुग्णाशी बोलणे हे फार्मासिस्टचे काम आहे, असे फार्मसी व्यवसायाबद्दलचे 2015 चे नियम सांगतात. त्या दुकानात मी चार वेळा गेले. भिंतीवर ज्यांचे प्रमाणपत्र लावलेले आहे, ते गृहस्थ एकदाही दिसले नाहीत. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता. मी तुमच्या खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली, तेव्हा पंधरा दिवसांत तपासणी होईल असे तोंडी आश्वासन मिळाले. त्याला आज सात आठवडे झाले. या काळात मी फेऱ्या मारल्या, साहेब बैठकीत आहेत, दौऱ्यावर आहेत हे ऐकले, आणि घरी बाबा भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायला पुन्हा शिकले. ज्या राज्यात आजारी माणसाच्या मुलीलाच औषधशास्त्र शिकावे लागते, तिथे इतकी खाती आणि इतके अधिकारी नेमके कोणासाठी आहेत?

मला कोणाची नोकरी घालवायची नाही. पट्टी कापून दिली तरी औषधाचे मूळ नाव मराठीत लिहिलेले पाकीट सोबत द्यायला लावा. दुकानात फार्मासिस्ट हजर आहे की नाही, हे न कळवता जाऊन पाहा. आणि माझ्या तक्रारीची तपासणी कोणत्या तारखेला होणार, ते मला लेखी कळवा. पोचपावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
ऐरोलीतील एक मुलगी