‘एनबीआय’च्या आधी आतडे स्वच्छ हवे

संपादक महोदय,

मुंबईत कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीच्या) जाहिरातींत हल्ली ‘एनबीआय’ (नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे ठरावीक रंगांच्या प्रकाशात आतडे पाहण्याचे तंत्र) आणि ‘एआय’चा (कृत्रिम बुद्धिमत्तेचा) गवगवा असतो. तंत्र खरोखरच चांगले आहे. एनबीआयचा 415 व 540 नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे पॉलिपवरच्या (आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठीवरच्या) बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. एआय संशयित जागेभोवती चौकट काढते. पण आतड्याच्या घडीमागे दडलेला पॉलिप कॅमेऱ्यासमोर आलाच नाही, तर चौकट कशाभोवती काढणार? मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचे चपटे ‘सेरेटेड’ (करवती रचनेचे) पॉलिप अनेकदा चिकट श्लेष्म्याखाली झाकलेले असतात. पाण्याचा फवारा मारून तो धुतल्याशिवाय त्यांची कडा कळत नाही. शिवाय उरलेले पित्तमिश्रित पाणी एनबीआयमध्ये रक्तासारखे लाल दिसते.

म्हणून ऐन तपासणीच्या वेळी आतडे स्वच्छ असावे यासाठी जुलाबाचे सगळे औषध आदल्या रात्रीच संपवू नये. निम्मे तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू करून 2 तास आधी संपवावे. कर्जत-विरारहून लोकलने येणाऱ्याला सकाळी 8 ची वेळ दिली, तर हे जमणार कसे? त्याला दुपारी 2 ची द्या.

अहवालात सीकमचे (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे) छायाचित्र, आतडे किती स्वच्छ होते हे सांगणारे ‘बॉस्टन’ गुण आणि स्कोप (दुर्बीण) बाहेर काढायला लागलेला वेळ (किमान 6 मिनिटे) रुग्णांनी हक्काने मागावा.

– एंडोस्कोपी कक्षातील परिचारिका, परळ, मुंबई