आशाताई, आईच्या गोळ्या संपल्या

ताई,

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात आईची मणक्याच्या टीबीची औषधं थांबवली, कोर्स पूर्ण झाला. सीपीआर रुग्णालयात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार आम्ही तिथंच मानले होते. आमच्या आशा सेविका म्हणून तुमचे मात्र सगळ्या गल्लीसमोर मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळची कणकण, आणि मग पायांतली ताकदच जायला लागली. एमआरआयमध्ये दोन मणके पोखरलेले दिसले, शेजारचा पू मज्जारज्जूवर दाबत होता. मणक्याच्या टीबीत प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, पण पाय लुळे पडायला लागल्यावर थांबून चालत नाही. डॉक्टरांनी पू काढला, दाब मोकळा केला, मणक्यांना स्क्रू आणि सळ्यांचा आधार दिला. काढलेल्या पुवाची सीबीनॅट तपासणी (टीबीचे जंतू आहेत का आणि ते मुख्य औषधाला दाद देतील का, हे सांगणारी) झाली आणि नेहमीची औषधं लागू पडतील हे कळलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "ऑपरेशननं जंतू मरत नाहीत, ते गोळ्यांनीच मरायचे." पहिले दोन महिने चार औषधं, नंतर तीन. फुफ्फुसाच्या टीबीला सहसा सहा महिने पुरतात, हाडाच्या टीबीला वर्षभर, कधी त्याहून जास्त.

लघवी केशरी झाली तेव्हा आई रडायला लागली, रक्त जातंय म्हणून. तुम्ही शेजारी बसून सांगितलंत, हा गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन औषधाचा रंग आहे, घाबरू नका. मळमळीनं तिनं गोळ्या नको म्हटल्यावर तुम्ही रागावला नाहीत, तिला डॉक्टरांकडे नेलंत, लिव्हरची तपासणी करून घेतलीत. यातल्या एका औषधानं नजरेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डोळ्यांना अंधुक दिसतंय का, हे दर भेटीत विचारायचात. टीबीच्या पेशंटना आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येईनात, तेव्हा बँकेतही तुम्हीच आलात.

आणि ती ताट-वाटी! पाहुण्यांनी आईचं ताट वेगळं करायला सांगितलं होतं. तिच्या छातीत टीबी नाही, मणक्यातला असा पसरत नाही, हे तुम्ही त्यांच्यासमोर ठणकावून सांगितलंत आणि तिच्याच ताटातली भाकरी मोडून खाल्लीत. औषधानं बरी झाली हे खरं, पण त्या दिवसापासून आई पुन्हा माणसांत आली. हे उपकार फेडता येणार नाहीत.

आता ती काठीशिवाय भाजीला जाते. तुमच्या भागात कुणाच्या घरी ह्या गोळ्या नव्यानं सुरू झाल्या असतील आणि ते घाबरले असतील, तर त्यांना आमच्याकडे पाठवा. आई स्वतः बोलेल त्यांच्याशी.

तुमच्या पेशंटचा मुलगा, कोल्हापूर