सलोख्याची तालीम

वर्णद्वेषाची बातमी आली की आपण मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव घेतो आणि तिथेच थांबतो. त्यांचे सहकारी जेम्स लॉसन नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नाहीत. १९५३ ते १९५६ या काळात ते इथल्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे राहून अभ्यासला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमीही त्यांनी इथल्याच वर्तमानपत्रात वाचली.

मायदेशी अमेरिकेत परतल्यावर नॅशव्हिल शहरात, एका चर्चच्या तळघरात, त्यांनी विद्यार्थ्यांची चक्क तालीम घेतली. एकाने शिव्या घालायच्या, खुर्चीवरून खाली ओढायचे. दुसऱ्याने हात उगारायचा नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. लॉसन यांना या आंदोलनापायी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले (पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावले, हेही खरे). मे महिन्यात मात्र त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात झाली.

आपल्याकडे सलोख्यावर भाषणे उदंड होतात, तालीम क्वचितच. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ती एकदा घेऊन पाहावी.

– एक वाचक, नागपूर