स्टँडच्या सावलीतली पट्टी

काउंटी डरहॅम, उत्तर इंग्लंड,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार. गणपतीनंतर एक ओळ नाही माझी. घालायच्या तेवढ्या शिव्या घालून घे आणि मग पुढं वाच. तब्येत ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

पत्रास कारण की, काल इथं फुटबॉलच्या कपची मॅच झाली आणि रात्रभर झोप नाही. घरात सांगून उपयोग नाही. क्लबात सांगितलं तर 'हार्ड लक' म्हणून चहाचा कप पुढं करतील. गळ्यात शिट्टी अडकवून ग्राउंडवरून टाच आपटत फिरलेला माझ्या ओळखीचा माणूस एकच, तू.

कप म्हणजे एफए व्हाज, एफए ही इथली फुटबॉल संघटना. हो, फुलदाणीच. हस. १९७४ साली इथं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला, त्यामुळं जुना अमॅच्युअर कप बंद झाला आणि १९७४-७५ पासून ही फुलदाणी आली. आता ती इथल्या लीगच्या नवव्या-दहाव्या पायरीवरच्या क्लबांची. आठवडाभर कामावर जाणारी पोरं, पण फायनल वेम्ब्लीवर. म्हणून जानेवारी उजाडला की इथल्या गावांना आपल्या कोल्हापूरच्या पेठांसारखंच चढतं. व्हिटली बे क्लब २००९, २०१० आणि २०११ असा सलग तीनदा जिंकला, ते अजून काल झाल्यासारखं सांगतात. म्हातारी तर थेट १९५४ वर जातात: क्रूक टाऊन आणि बिशप ऑकलंड, अमॅच्युअर कपची फायनल, वेम्ब्लीत लाखभर माणूस, २-२. पुन्हा न्यूकॅसलला २-२. तिसऱ्यांदा मिडल्सब्रोला क्रूकनं १-० नं मारली. दोन्ही गावांत अंतर किती, तर कोल्हापूर-इचलकरंजीपेक्षा कमी. आपल्या पाटाकडील आणि शिवाजी या संघांची मॅच तीनदा खेळवून बघ म्हणजे अंदाज येईल.

तर चौथी फेरी, घरच्या ग्राउंडवर. समोरचा संघ पार दक्षिणेकडून, पहाटे साडेपाचला बस धरून आलेला. आणि गुरुवारपासून आभाळ निरभ्र. इथं निरभ्र आभाळ ही वाईट बातमी. ढग असले तर जमिनीची ऊब थोडीफार अडते, नसले तर रात्रीत सगळी निघून जाते. गुरुवारी रात्री उणे ४, शुक्रवारी दुपारी जेमतेम २, रात्री पुन्हा उणे ५.

आता नीट ऐक, कारण माझी सगळी पंचाईत, ग्राउंड गोठू नये म्हणून रात्री त्यावर घालतात त्या कव्हरांत आहे.

कव्हर म्हणजे ताडपत्री नव्हे, पांढऱ्या फ्लीसचे लांबलचक पट्टे. ते ऊब देत नाहीत, जमिनीत असलेली ऊब धरून ठेवतात. म्हणून माती मऊ असताना, सूर्य मावळायच्या आत घालायचे. गोठल्यावर घातले तर आतली थंडीच राखली जाते, बर्फाची लादी भुशात गुंडाळल्यागत. ओले कधी घालायचे नाहीत. रात्रीत ते गवताला चिकटून गोठतात, आणि सकाळी ओढताना गवत मुळासकट येतं. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे जोड. दोन पट्ट्यांची कड एकमेकांवर निदान अर्धा मीटर चढली पाहिजे आणि त्यावर दर दोन-तीन पावलांवर वाळूची पिशवी पाहिजे. नाहीतर वारा कड उचलतो आणि रात्रभर तेवढीच फट उघडी पडते.

शुक्रवारी तीन वाजता आम्ही नऊ जण होतो. पाहिजेत बारा-तेरा. स्टँडच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या छपराच्या बाजूचा जोड माझ्याकडं होता. पिशव्या संपल्या म्हणून शेवटच्या सहा-सात मीटरला मी पिशव्यांऐवजी कोपऱ्यातल्या झेंड्यांच्या दोन काठ्या ठेवल्या.

तिथंच का, तर स्टँड दक्षिणेला आहे. इथं या दिवसांत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशांवर असतो. आपल्याकडं संक्रांतीला तो पन्नासच्या आसपास असतो. पाच मीटर उंचीच्या छपराची सावली म्हणजे बारा वाजता अठरा-एकोणीस मीटर. त्यात स्टँड आणि टचलाइन, म्हणजे ग्राउंडची बाजूची रेघ, यांमधलं अंतर वजा केलं तरी पंधरा मीटरची पट्टी ऐन हिवाळ्यात ऊन बघत नाही. उरलेलं ग्राउंड कव्हराशिवायही अकरापर्यंत सुटतं, म्हणजे मऊ पडतं. ही पट्टी जगली तर कव्हरावर, नाहीतर नाही.

शनिवारी सकाळी आठला मी पोचलो तर काठ्या लांब पडलेल्या आणि कड उलटलेली. मीटरभर रुंद, सहा मीटर लांब अशी पांढरीफेक चिरी. दहिवर हा शब्द शाळेत पाठ केला होता, तो इथं बुटाखाली करकरतो. मी काय केलं? कड पुन्हा पसरली. गोठलेल्यावर पसरली! वरचं तुला सगळं सांगणाऱ्या या शहाण्यानं.

जवळपास राहणारा एक रेफ्री आठला पहिली पाहणी करून गेला, गोल-पोस्टच्या पुढं कव्हर उचलून बघितलं, चालेल म्हणाला. दूरचा संघ बसमध्ये असतो म्हणून ही लवकरची पाहणी. पण खरा निर्णय मॅचच्या रेफ्रीचाच. तो साडेअकराला आला. पोरगा चांगला, तुझ्यासारखाच किरकिऱ्या. बुटाला स्क्रूचे स्टड, म्हणजे तळव्याच्या खुंट्या, लावून आलेला, सपाट बुटानं नव्हे. दोन्ही डी, म्हणजे गोलपुढचे चौकोन, चारही कॉर्नर, मधलं वर्तुळ, मग टचलाइन. दर दहा-बारा पावलांवर टाच रोवायची, अंगाचं वजन टाकायचं, मग त्याच पायावर गर्रकन वळायचं. स्टड पुरता आत गेला आणि वळताना माती सुटली तर ठीक. टाच ठक्क वाजली तर नाही. त्यानं चेंडूही टाकून बघितला. गोठलेल्या मातीवर तो सिमेंटवर उडाल्यासारखा उडतो.

स्टँडच्या बाजूला त्यानं माझ्या जोडाच्या अलीकडं टाच रोवली, गेली. पाच पावलं टाकली, पलीकडं रोवली, गेली. मधल्या मीटरभरावरून तो चालत गेला, सुन्या. मी सात-आठ फुटांवर उभा, हातात कव्हराची कड. तोंड उघडलं नाही.

कारणं होती की. त्यांची बस वाटेतल्या वेदरबी गावापर्यंत आली होती. क्लबात 'पाई', म्हणजे सारण भरलेल्या इथल्या कचोऱ्या, भाजायला लावल्या होत्या. एवढीशी चिरी, दोन वाजेपर्यंत सुटेल असं मनाला सांगितलं. पण कशानं सुटणार? ऊन तिथं येतच नाही.

दीडला कव्हर काढली, शक्य तेवढ्या उशिरा. तीनला सुरुवात, पहिल्या मिनिटापासून दिवे. पहिला हाफ नाद खुळा झाला. जमीन वर ओली, खाली घट्ट. ज्यांनी रबराच्या बारीक गुट्ट्यांचे बूट घातले होते ते उभे राहिले, आणि लांब सहा स्टडवाले बर्फावर म्हैस चालावी तसे चालत होते. इथं एक उलटं गणित आहे, तुझ्या पोरांना सांग: चिखलाला लांब आणि थोडे, कडक जमिनीला आखूड आणि पुष्कळ. लांब स्टड आतच जात नाही, मग माणूस सहा टोकांवर तोललेला असतो.

चेंडूचीही एक गंमत. हवा नेहमी खोलीत भरतात, वीस अंशांत. नियमात ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर. खोलीत ०.७ भरलास आणि बाहेर उणे २ असेल तर अर्ध्या तासात तो ०.५७ वर येतो, म्हणजे नियमाच्या खाली. म्हणून चेंडू आधी बाहेर गार करायचा आणि मग पंप लावायचा. हे इथल्या किटमॅनला मी शिकवलं. एवढं एकच चांगलं काम केलं काल मी.

हाफटाइमला १-१. सव्वाचारला सूर्य गेला. आणि तू जे नेहमी म्हणायचास तेच झालं: साडेअकराचं ग्राउंड हे साडेचारचं ग्राउंड नसतं. दिवसभरात सुटलेला वरचा बोटभर थर पुन्हा आवळायला लागतो, पण खाली निचरा नसतो, म्हणून तो आधी बुळबुळीत होतो आणि मग काच. नुसती गोठलेली जमीन परवडली, दिसते तरी. हा अर्धवट थर फसवतो.

सत्तरावं मिनिट. त्यांचा लेफ्ट विंगर, हाफटाइमनंतर बाजू बदलल्यामुळं आता स्टँडच्या अंगानं पळणारा, आत कापायला वळला आणि नेमका माझ्या चिरीवर. दोन्ही पाय एकदम गेले. हात टेकवून पडला आणि घसरत रेलिंगला जाऊन थडकला. मनगट. आवाज आला मला. अॅम्ब्युलन्सला पाऊण तास, तोवर ब्लँकेटं. तो प्लंबर आहे. क्लबहाउसात त्यांच्या माणसानंच सांगितलं, सहज, भज्यावर मीठ घालता घालता. प्लंबर, आणि उजवं मनगट.

रेफ्रीनं खेळ थांबवून ती जागा पुन्हा बघितली. आता त्याची टाच वाजली. दोन्ही कॅप्टनांना बोलावलं, वीस मिनिटं उरली होती. अर्धवट सोडली असती तर मॅच पुन्हा खेळवावी लागली असती, त्यांना पुन्हा पहाटेची बस. शेवटी चिरीवर वाळू टाकली आणि खेळ पुढं चालू केला. वाळूनं पकड येते, पण गोठलेल्या जमिनीवर ती कानशीसारखी लागते, गुडघे सोलवटतात. मीठ टाकत नाहीत, गवत मरतं. आम्ही २-१ नं जिंकलो. पुढच्या फेरीत. लोक माझ्या पाठीत थापा मारत होते, कव्हरवाल्यांमुळं मॅच झाली म्हणून.

आता तू म्हणशील, त्या वळवाच्या सेमीफायनलला माझ्या बापाचा उद्धार करणारा तूच ना? मीच. आपण एका गोलनं पुढं, बारा मिनिटं बाकी, आणि तू एका डीत पाणी साचलं म्हणून शिट्टी मारून मॅच सोडलीस. तीन महिने मी तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या दुकानावरून जाताना मुद्दाम पलीकडच्या फुटपाथनं गेलो. अजूनही सांगतो, पाणी घोट्याच्या खाली होतं आणि चेंडू तरंगत नव्हता. ते मी मागं घेत नाही. पण तू त्या डीत चार वेळा फिरलास, आणि मला वाटलं होतं की नाटक करतोयस.

इथली म्हातारी १९६३ च्या थंडीचं सांगतात. एफए कपची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली ती ११ मार्चला संपली, लिंकन-कॉव्हेंट्री मॅच पंधरा वेळा पुढं ढकलली. हॅलिफॅक्स क्लबनं तर ग्राउंडवर लोकांना स्केटिंग करू दिलं. तेव्हा सट्ट्याच्या कुपनांसाठी एक मंडळ बसवलं, ते न खेळलेल्या मॅचचे निकाल ठरवायचं. तुझ्यासाठी योग्य नोकरी. शिट्टी नाही, चिखल नाही, नुसता निकाल.

बरं, पुतण्या फेब्रुवारीत न्यूकॅसलला येतोय ना? मॅच बघायला नेईनच. त्याला सांग, थंडी डोक्यातून नाही, तळपायातून चढते. उभं राहायचं ते काँक्रीटवर, म्हणून इथले जुने लोक पुठ्ठा आणतात आणि त्यावर उभे राहतात. दोन-दोन मोजे घालून बूट आवळायचा नाही, हवा राहत नाही आणि बोटं बधिर होतात; लोकरीचा जाड एकच मोजा आणि अर्धा नंबर मोठा बूट. अंगाला लागून सुती काही नको, घाम धरतं. वरून वारा अडवणारं काहीतरी, बास. हाफटाइमला सगळे गोलमागून चालत पलीकडच्या टोकाला जातात, आपला संघ जिकडं गोल मारणार तिकडं. त्यात पाय मोकळे होतात. बोव्हरील देतील, गोमांसाच्या अर्काचं गरम पाणी. त्याला आधी सांगून ठेव, नंतर मला बोल लागायला नको. चहा मिळतो. तांबड्या रश्श्याचा थर्मास मी एकदा नेला होता, अर्धा स्टँड वास घेत बसला.

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे ऐकलं, छान. पोरीची सीईटी कधी? दुकानाच्या भाड्याचं मिटलं का? तू रेफ्रींचा वर्ग घेतोस म्हणे, घे, पण सगळ्यांना स्वतःसारखं करू नको.

मी क्लबच्या सेक्रेटरीला सांगावं का? तो म्हणेल रेफ्रीनं बघितलं होतं, विषय संपला. रेफ्रीला सांगितलं तर तो पोरगा पुढचे सहा महिने स्वतःला खात बसेल. त्या प्लंबरला काय सांगू? पुढच्या शुक्रवारी पुन्हा कव्हर आहेत. मी पंधरा पिशव्या भरून ठेवल्यात, आज सकाळीच, एकट्यानं. आणि तुला एकच नेमकं विचारायचंय: तू त्या जागी असतास, आणि मी हातात कड धरून गप्प उभा असतो, तर तुला माझ्या तोंडावरून कळलं असतं का?

फोन करू नको, लिही.

तुझाच,
दिन्या

ता. क. त्या सेमीफायनलला तुझ्या बुटाला कुठले स्टड होते? रबराचे असतील तर तुझी पाहणीच चुकीची होती, आणि मला ते लेखी पाहिजे.