जपानी टोप स्वस्तात करा, पण पातळ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मराठी मुलांच्या छंदांवर आपल्या रविवार पुरवणीत मजकूर आला होता. त्यात एक वाक्य आहे की, सामुराई पद्धतीचे शिरस्त्राण ऑनलाइन आठ हजारांत घरपोच मिळते आणि लढायलाही चालते. घरपोच मिळते, खरे आहे. लढायला चालते, हे साफ चूक. कुणी ते वाचून डोके फोडून घेऊ नये म्हणून लिहितो आहे.

भोसरीच्या एका कारखान्यात मी ३४ वर्षे पत्राकाम केले. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे ऑरेगनमध्ये पोर्टलंडला पाच महिने होतो. तिथे गेल्यावर कळले की आमचे चिरंजीव दर रविवारी बागेत जाऊन मारामारी करतात. संस्थेचे नाव सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम. जुन्या काळातले पोशाख आणि लढाया हौसेने पुन्हा उभ्या करणारी ही मंडळी, १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाली. आता तिची 'राज्ये' आहेत, ऑरेगन-वॉशिंग्टनच्या राज्याचे नाव अॅन टिर, आणि राजा ठरतो तो लढत जिंकून. (निवडणुकीपेक्षा खर्च कमी, असे मी म्हटले तर सूनबाई हसली.) तलवारी वेताच्या असतात. बांबू फाटून त्याची चीर डोळ्यात जाऊ शकते, वेत फक्त झिजून कुंच्यासारखा पिंजतो. पण दीड इंच जाडीचा वेत तगड्या माणसाने खांदा फिरवून डोक्यावर हाणला, तर ते लुटुपुटीचे राहत नाही.

मुलाने आधी असाच एक ऑनलाइन टोप मागवला होता. दिसायला झकास: काळा रंग, सोनेरी शिंगे, मानेवर लाल दोऱ्यांची झालर. खोक्यावर 'मेड इन इंडिया'. विक्रेत्याने १८ गेज (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचे माप) लिहिले होते. मी सवयीने व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचे हत्यार, लावला, तर ०.९ मिलिमीटर, म्हणजे २० गेज. आकडा वाढेल तसा पत्रा पातळ होतो, बाहेरच्या माणसाला हे उलटेच वाटते. संस्थेचा नियम किमान १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. मी कपाळाच्या जागी अंगठा दाबला तर पत्रा तेलाच्या डब्यासारखा 'टक्' करून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. शोकेससाठी त्याला नावे ठेवणार नाही. डोक्यासाठी तो डबाच.

पक्का, लढाईचा टोप कारागिराकडून करून घ्यायचा तर कित्येक शे डॉलर. मी म्हटले, आपण ठोकू.

इथे जपानी लोकांचेच कौतुक केले पाहिजे. आपण चित्रात पाहतो ते ६२ पट्ट्या रिव्हेट केलेले टोप श्रीमंतांचे. सोळाव्या शतकात लढाया वाढल्या, तेव्हा त्यांनी 'झुनारी' नावाचा साधा प्रकार काढला. कपाळापासून मानेपर्यंत डोक्यावरून जाणारा एक पत्रा, दोन बाजूंना दोन, खाली कमरपट्ट्यासारखी एक पट्टी आणि पुढे झाप. बड्या सरदारांचे माशाच्या शेपटीचे नाहीतर शिंपल्याचे आकारही पुष्कळदा आत अशाच साध्या लोखंडी वाटीवर कागद, लाकूड नि लाख चढवून केलेले असत. म्हणजे लोखंड डोक्यापुरते, बाकी थाट हलका. आम्ही हेच धोरण ठेवले.

लोणच्याची बरणी गुंडाळून नेलेला आपलाच एक अंक होता, त्याची पाने कापून मापे काढली. पहिली वाटी वाया गेली आणि चूक सर्वस्वी माझी. मुलाचे डोके ५७ सेंटिमीटर, मी तेवढेच धरले. आत सगळीकडून अर्धा इंच फोम बसवायचा असतो, हे विसरलो. अर्ध्या इंचाने परीघ आठ सेंटिमीटर वाढतो, शाळेतला बावीस सप्तमांश. दुसरी वाटी ६५ ची केली. लाकडाच्या ओंडक्यात बशीएवढा खळगा कोरला, त्यावर सीआर (थंड लाटलेला, बिनमुलाम्याचा) पत्रा ठेवून गोल डोक्याच्या बॉल पीन हातोडीने कडेकडून मध्याकडे ठोकत गेलो आणि शेवटी आतून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, लावून सफाई केली. मध्येच घाई केली की कडेला चुणी पडते, मग ती मारत बसा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कुणी देऊ केला तरी घेऊ नका. वेल्डिंगला त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो.

तोंडाचा प्रश्न खरा. जपानी मुखवटा गालापासून खाली असतो, डोळे उघडे. वेताची तलवार आत घुसायला तेवढी फट पुरते. म्हणून ५ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी करून हनुवटीच्या खाली इंचभर उतरवली आणि मॅट काळा रंग मारला. चार पावलांवरून जाळी दिसतच नाही, मुखवट्याच्या आतला अंधार वाटतो. फोमला कॅम्पिंगची चटई कापली. मानेवरची पाच पट्ट्यांची झालर लोणच्याच्या निळ्या प्लॅस्टिक पिंपाची. तिथले बरेच लढवय्ये हेच पिंप कापून चिलखते करतात, हे पाहून मला घरच्यासारखे वाटले. हीट गनने वाकवले, भोके पाडली आणि बुटाच्या चपट्या लाल नाड्यांनी ओवले. झालर मात्र दिसण्यापुरती, मान आणि गळा सांभाळायला आत वेगळा कडक पट्टा लागतोच. टोपाच्या पुढचा शोभेचा चंद्र पातळ चामड्याचा, सोनेरी रंगाचा. बसला फटका तर वाकतो, कुणाच्या डोळ्यात घुसत नाही. वाया गेलेला पत्रा धरून एकूण खर्च ११८ डॉलर. वेल्डिंग मशीन शेजाऱ्याचे, मजुरी बापाची.

मैदानात उतरण्याआधी मार्शल, म्हणजे संस्थेचा पंच, तपासणी करतो. त्याच्या हातात इंचभर जाडीची गोल लाकडी काठी होती. ती त्याने जाळीच्या प्रत्येक फटीत घालून पाहिली. आमच्या कारखान्यातल्या गो-नो-गो गेजची (आत गेले की नाही एवढ्यावर माल पास-नापास ठरवणारे माप) आठवण झाली आणि या वयात पोटात गोळा आला. डाव्या कानशिलाजवळ काठी सुळकन आत गेली. मार्शलने नुसती मान हलवली. घरी येऊन तिथे आणखी एक सळी टाकली, पुढच्या रविवारी टोप पास झाला. त्या दिवशी मुलाने डोक्यावर सात फटके खाल्ले. घरी आल्यावर मी आतून बाहेरून बोट फिरवून पाहिले, एकच पोचा, रुपयाएवढा. विकतचा टोप आता दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आहे.

आपल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. सोबत जागा असल्यास '१६ गेज, व्हर्नियरने मोजून' एवढे शब्द जरूर टाकावेत.

आपला,
एक निवृत्त पत्राकामगार, भोसरी