शेवटची लाँच गेल्यावर

शेतबंदर, घारापुरी
सोमवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले आणि भांडण झालं, म्हणून लिहायला बसले. आज लेणी बंद, म्हणजे दुकानही बंद. पोरं समोरच्या काठावर न्हावा गावात बाजाराला गेलीत. घरात मी आणि खिडकीतून आत बघणारं एक माकड.

बाबा, फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "बाय, आपलं काम नाय ते." आई, तू तर काहीच बोलली नाहीस. फोन स्पीकरवर होता. तुझ्या बांगड्या मला ऐकू येत होत्या.

अर्ज मी शुक्रवारीच भरला. थेट सरपंचपदाचा. आई, तुला हसू येईल, पण घरात शौचालय आहे आणि आम्ही ते वापरतो, असा दाखला लागतो. दोनच मुलं आहेत हेही लिहून द्यावं लागतं. तुझ्या वेळी हा नियम असता तर तुझा अर्ज छाननीतच उडाला असता, नाहीतर मी या जगात नसते.

पॅनलच्या पोरांनी पत्रकाचा मसुदा आणून दिला होता. रोपवे, तरंगतं हॉटेल, लाईट अँड साउंड शो, 'जागतिक दर्जाचं बेट'. वाचून मी म्हटलं, अरे, हे गेटवेवरून येणाऱ्या माणसांचं पत्रक झालं, त्यांची मतं आपल्याकडे नाहीत. रोपवेचं तर तुम्हीही ऐकलंत. शिवडीपासून आठ किलोमीटर, समुद्रावरून पाळणे. बंदरवाल्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं, तेव्हा बाबा, तुम्हीच म्हणालात की आता डोलीवाल्यांची सुट्टी. झाला तर होऊ दे. पण तोही संध्याकाळी बंदच होणार ना?

माझं सगळं म्हणणं तिथेच येऊन थांबतं. संध्याकाळी शेवटची लाँच सुटते, पायऱ्यांवरची प्लास्टिकं गुंडाळली जातात, माकडं उरलेल्या कणसांवर येतात आणि मग जे बेट उरतं ते आपलं. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर, ही आपली तीन गावं. लेणी १९८७ पासून जगाचा वारसा आहेत, त्यांच्या राखणीला खातं आहे, पहारेकरी आहेत. आपल्याला रात्री साडेअकराला छातीत दुखलं तर काय आहे?

बाबा, ती श्रावणातली रात्र आठवते ना? बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागलेला, वारा असा की शेजारच्यांचे पत्रे वाजत होते. तुम्ही घामाने थबथबलेले. होडीवाले काका दोनदा धक्क्यापर्यंत जाऊन परत आले, म्हणाले, पाणी सोडत नाही. आई रात्रभर तुमच्या पाठीवर हात फिरवत बसली. मी दारात. उजाडल्यावर वारा पडला, आपण न्हाव्याला उतरलो, तिथून रिक्षाने उरण. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण ते पित्त आहे हे आपल्याला सकाळी नऊला कळलं. रात्रभर आपण तुम्हाला धरून बसलो होतो ते दुसऱ्याच कशासाठी.

आणि बाळंतपणं? आई, तू तिन्ही वेळा आठव्या महिन्यातच मामाकडे जाऊन राहिलीस. मी माझ्या वेळी उरणला आत्याकडे गेले. आता मोराबंदरची एक पोर पुढच्या महिन्यात जाणार आहे, बॅग भरून ठेवलीय. तीन पिढ्या झाल्या, आपल्या बायका पोटातलं पोर घेऊन दोन महिने परक्या घरी पाहुण्या होतात आणि यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटतही नाही.

दवाखाना मी बांधू शकत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात ते नाही, मी तसं बोलणारही नाही. पण रात्रीची पाळी लावता येते. दररोज रात्री एक होडी, डिझेल भरलेली, वल्हवणारा आणि इंजीनवाला ठरलेले, नावं फळ्यावर. पाळीचे पैसे पंचायतीच्या स्वनिधीतून, प्रवासी कराच्या रकमेतून. होडी नुसती बांधून राहिली तरी पैसे द्यायचे. न्हाव्याच्या धक्क्यावर एका रिक्षावाल्याशी बोलून ठेवायचं. गावाचं आरोग्य बघणाऱ्या आशाताईंकडे रक्तदाब मोजायचं यंत्र, साखर बघायची पट्टी, ऑक्सिजनचं छोटं नळकांडं. तीन नंबर लागला तर कोणतीच होडी जाणार नाही हे मलाही कळतं. पण वर्षात अशा रात्री किती? बाकीच्या रात्री आपण अडतो ते समुद्रामुळे नाही. कोणाला उठवायचं, डिझेल कोणाचं, उद्या पैसे मागायचे कसे, या लाजेमुळे अडतो.

ओहोटीचं तेवढं खरं अवघड आहे. मोराबंदरला पाणी उतरलं की होडी काठाला लागत नाही, गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. आजारी माणसाला त्यातून पाटीवर घालून न्यायचं. तिथे लांब जेटी मागायची तर ते मोठं काम, बंदर खात्याचं. मागणार आहे मी, दर महिन्याला कागद घेऊन जाणार. तोवर निदान रात्रीची होडी शेतबंदरला बांधावी. मोराबंदरच्या लोकांना हे आवडणार नाही, तीस मतं जातील म्हणतात. जाऊ देत.

डिसेंबर २०२४ मधलं तुम्ही विसरला नसालच. अठरा तारीख. गेटवेवरून आपल्याकडे येणाऱ्या बोटीला नौदलाची बोट येऊन धडकली आणि १५ जीव गेले. मी त्या दिवशी दुकानात काकड्या कापत होते. आधी फोन वाजायला लागले, मग पायऱ्यांवरून लोक खाली धावले. तेव्हापासून गेटवेला लाईफ जॅकेट घातल्याशिवाय बसू देत नाहीत म्हणे, चांगलं झालं. पण आपण? न्हाव्याला जाताना आपल्या होडीत जॅकेटं असतात, ती खाली अंथरून वर आपण बसतो, कारण फळ्या ओल्या असतात. मीही बसलेय. प्रचारात हे बोलले तर होडीवाले रागावतील, कारण त्यातले निम्मे आपलेच.

विजेचं लिहिते. फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज आली, न्हाव्याकडून साडेसात किलोमीटर केबल समुद्राखालून. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर. त्याआधी संध्याकाळचे तीन-साडेतीन तास जनरेटर, तो बंद पडायच्या आत जेवण, अभ्यास, भांडण सगळं उरकायचं. आई, तू रॉकेलची चिमणी तरीही घासूनपुसून फळीवर ठेवली होतीस. तू उरणला गेल्यावरही मी ती हलवलेली नाही. तुझा तो अविश्वास मला पटतो. एवढ्या मोठ्या बंदराच्या तळातून गेलेली केबल, वरून सगळ्या जगाची जहाजं जातात. म्हणून पाण्याचा पंप आणि आशाताईंची खोली एवढं तरी सौरवर असावं, म्हणजे केबलला काही झालं तर घसा कोरडा पडणार नाही.

पाण्याचं तुला काय सांगायचं? गोऱ्या पाहुण्यांनी तुझे किती फोटो काढले असतील. नऊवारी, डोक्यावर दोन पितळी हंडे, एका फोटोचे दहा रुपये. मी लहान असताना तुला विचारलं होतं, आई, हे हंडे एवढे हलके कसे? तू म्हणालीस, फोटोतले रिकामेच असतात गं. भरलेले तू पहाटे आणलेले असायचे, तेव्हा फोटो काढायला कुणी नव्हतं. आता नळ आहे, पण एप्रिल-मे महिन्यात तळ्याचं पाणी खाली गेलं की पुन्हा तेच. इथे पाऊस धो धो पडतो, आपल्या पत्र्यांवरून उतरून समुद्रात जातो. शाळेच्या, पंचायतीच्या, समाजमंदिराच्या छपरांचं पाणी टाक्यांत घ्यायचं. वित्त आयोगाकडून येणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो, तो दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे पैसा त्याच नावाचा आहे, हट्ट धरणारं माणूस हवं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही न विचारता पत्रकात सगळ्यात वर टाकली. ग्रामसभा सोमवारी. बाबा, तुम्ही सांगा, बेटावर ग्रामसभेला बायका का येत नाहीत? कारण ग्रामसभा असते तेव्हा दुकान उघडं असतं. गिऱ्हाईक सोडून कोण जाईल? सोमवारी लेणी बंद, गाव मोकळं. पंधरा ऑगस्टसारख्या ठरलेल्या तारखा हलणार नाहीत, बाकीच्या तरी सोमवारी धरता येतील. आणि त्या सभेत प्रवासी कराचा हिशेब मोठ्याने वाचायचा. माणसं किती आली, जमा किती, गेले कुठे. कुणी खाल्लं असं मी म्हणत नाही, मला तसं माहीतही नाही. पण ज्या पैशातून रात्रीची होडी चालवायची, तो किती आहे हे चुलीपाशी बसलेल्या बाईलाही पाठ हवं.

घरदुरुस्तीचंही लोक विचारतात. लेण्यांपासून १०० मीटरच्या आत बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, हा कायदा दिल्लीचा आहे. तो मी बदलीन असं सांगणारी मी कोण? अर्ज नीट भरून द्यायला पंचायतीत एक माणूस बसवीन, एवढंच म्हटलं.

बाबा, तुमची खरी अडचण मला माहीत आहे. समोरचा उमेदवार तुमचा पुतण्या आहे आणि तुम्ही त्याला गणपतीत शब्द दिलाय. तुमच्या गुडघ्यांच्या वेळी तो उरणला खेपा घालत होता, हे मी विसरलेले नाही. एकशे वीस पायऱ्या, खांद्यावर डोली, दिवसाला किती फेऱ्या, ते गुडघे कशाने गेले हे त्यालाही माहीत आहे. माणूस वाईट नाही तो. आम्ही रोज धक्क्यावर भेटतो, तो मला "काय सरपंच" म्हणतो, मी त्याला "काय माजी" म्हणते. निकालानंतर आमची तोंडं फिरतील ही तुमची भीती खोटी नाही, गावात तसं झालेलं आपण पाहिलंय. पुढच्या गणपतीत मी त्याच्या घरी मोदक घेऊन जाणार, दार उघडणं त्याच्या हातात.

तुम्ही शब्द मोडा असं मी म्हणणार नाही. दिलाय तर पाळा.

पण आईला शब्द कुणी मागितला होता का?

आई, तुम्हा दोघांची नावं अजून इथल्याच यादीत आहेत. दादाने नाव उरणला बदलून घ्यायचं काढलं होतं तेव्हा तूच थांबवलंस, का ते मी विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी अष्टमी आहे, भांगाचं पाणी. भरती फार चढणार नाही, म्हणून सकाळीच निघावं लागेल. साडेआठला न्हाव्याच्या धक्क्यावर होडी लावते. बाबांना बसायला खुर्ची असेल, जॅकेटही असेल, अंगात घालायचं. दोघं एकाच होडीने या, मत ज्याला द्यायचं त्याला द्या. दुपारी जेवून जा, बोंबलाचं कालवण करते.

सुक्या करंदीची पिशवी दादाकडे पाठवलीय, वहिनीला सांग लगेच उन्हात घाल.

तुमची,
बाय